टांगा बंद झाला, पण घोडा कुठे गेला?



गेल्या वर्षी चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासातला वाहतुकीचा घटक शिकवत होते. फळ्यावर दोन रकाने केले, 'पूर्वीची साधने' आणि 'आताची साधने'. मुलं भराभर सांगत होती. बैलगाडी, टांगा, पालखी, मेणा. मी डावा रकाना भरत गेले आणि शेवटी सवयीने एक वाक्य बोलून गेले, "आता टांगे बंद झाले, त्यामुळे बिचाऱ्या घोड्यांचे हाल थांबले."

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "बाई, आमच्या आजोबांचा टांगा होता. टांगा अजून परसात पडलाय. पण राजाला विकला. तो कुठे गेला असेल?"

मी म्हटलं, "असेल दुसऱ्या कुणाकडे तरी."

"मग त्याचे हाल थांबले का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटले. पण प्रश्न काही सुटला नाही. त्यानंतर या विषयावर जे वाचलं, जाणत्यांना विचारलं आणि पुन्हा वर्गात मांडलं, ते आज तुमच्यासमोर ठेवते आहे. वाहतूक, प्राणी आणि माणूस, व्यवसाय, अशा कुठल्याही घटकाला जोडून तुम्हाला ते वापरता येईल.

घोड्याचा रोजचा हिशोब

आधी मुलांना ओढकामाचा घोडा म्हणजे काय ते नीट कळलं पाहिजे. शर्यतीचा घोडा टीव्हीवर दिसतो, वरातीचा घोडा दारात येतो. ओढकामाचा घोडा मात्र टांग्याला, मालाच्या गाडीला किंवा वीटभट्टीवर जुंपलेला असतो. त्याचं कौतुक कुणी करत नाही, पण त्याच्यावर एक अख्खं घर चालतं.

आपल्याकडे टांगा काही केवळ सिनेमातला नाही. दिलीपकुमारचा 'नया दौर' १९५७ साली आला. त्यात टांगेवाले आणि बस यांचा झगडा आहे. म्हणजे गाडी आल्यावर टांगेवाल्याचं काय होणार, हा प्रश्न आपल्या देशात तेव्हापासून विचारला जातोय. घोड्याचं काय होणार, हे विचारायचं मात्र राहून गेलं.

आता हिशोब करू. घोड्याला दिवसाला त्याच्या वजनाच्या साधारण दीड ते दोन टक्के सुका चारा लागतो. ४०० किलोचा घोडा धरला तर दोन टक्क्यांनी दिवसाला ८ किलो, महिन्याला २४० किलो, वर्षाला २,९२० किलो. (हे गणित चौथीची मुलं गुणाकाराने सहज सोडवतात.) कामाच्या घोड्याला वर चंदी लागते. पाणी दिवसाला दोन-तीन बादल्या, उन्हाळ्यात आणखी जास्त. खूर आपल्या नखासारखे वाढतात, म्हणून दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद लागतो. दात झिजून धारदार होतात, ते घासावे लागतात, नाहीतर चारा चावता येत नाही आणि जनावर खंगत जातं.

आता यातली मेख बघा. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगू शकतो, पण रस्त्यावर रोज ओढकाम करण्याची त्याची उमेद त्याच्या फार आधी संपते. काम थांबलं की त्याची कमाई थांबते. खाणं थांबत नाही. टांगेवाल्याच्या घरात साठवलेला पैसा नसतो. मग घोडा विकला जातो. शहरातला घोडा गावात, गावातला मालगाडीला, तिथून वीटभट्टीवर. बऱ्याचदा असं होतं की प्रत्येक विक्रीला किंमत उतरते आणि काम आणखी जड होतं. शेवटी कुणीच घेत नाही तेव्हा त्याला रस्त्यावर मोकळं सोडून देतात.

म्हणजे टांगा बंद होणं आणि घोडा सुटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी वर्गात त्या एकच समजून बोलले होते.

कैरोच्या रस्त्यावरचे लष्करी घोडे

जवळजवळ शंभर वर्षांपूर्वी एका बाईंनी याच प्रश्नाला हात घातला होता. त्यासाठी आपल्याला इजिप्तला जावं लागेल.

पहिल्या महायुद्धात पॅलेस्टाईनच्या आघाडीवर ब्रिटिशांच्या बाजूने हजारो घोडे लढले. त्यात भारतीय घोडदळही होतं. २३ सप्टेंबर १९१८ रोजी जोधपूर आणि म्हैसूरच्या भालाइतांनी हैफा शहर जिंकलं. दिल्लीतलं तीन मूर्ती स्मारक त्या भागात लढलेल्या संस्थानी फौजांच्या आठवणीसाठीच उभं आहे. युद्ध संपलं, माणसं घरी गेली. घोड्यांना जहाजातून परत नेणं महाग होतं, म्हणून त्यांतले हजारो तिथेच विकून टाकले. कालपर्यंत पलटणीत असलेले घोडे कैरोच्या रस्त्यांवर दगड, माती आणि माल ओढू लागले.

१९३० साली डोरोथी ब्रुक कैरोला आल्या. त्यांचे पती ब्रिटिश घोडदळाचे अधिकारी होते. युद्ध संपून बारा वर्षं झाली होती. रस्त्यावर हाडं निघालेले, लंगडणारे, डोळे गेलेले घोडे त्यांना दिसू लागले आणि त्यांच्या अंगावर लष्कराची डागलेली खूण होती. १९३१ मध्ये त्यांनी लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट' या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. ज्यांनी आपल्यासाठी युद्धात ओझी वाहिली त्यांची ही अवस्था आहे, काहीतरी करा, असा त्या पत्राचा आशय. लोकांनी पैसे पाठवले. त्या पैशातून त्यांनी सुमारे तीन वर्षांत असे पाच हजार घोडे विकत घेतले.

इथे वर्गात मुलं टाळ्या वाजवतात. पण गोष्ट इथे थांबवू नका.

त्यातले बहुतेक घोडे इतके म्हातारे आणि आजारी होते की त्यांना बरं करणं शक्य नव्हतं. ब्रुकबाईंनी त्यांना विश्रांती दिली, पोटभर चारा दिला, खाली मऊ अंथरूण दिलं आणि मग वेदना न होता त्यांचा शेवट केला. पाच हजार घोड्यांना नवं घर मिळालं, असं आपल्याला सांगायला आवडेल. पण तसं झालं नाही.

हे चौथीच्या मुलांना सांगावं का? मी आधी टाळलं होतं. नंतर सांगितलं. मुलांनी शांतपणे ऐकलं. एकाने विचारलं, "म्हणजे उशीर झाला होता?" हो, उशीर झाला होता. मुलांना हे समजतं. खोटा गोड शेवट केला तर या गोष्टीतलं सगळ्यात महत्त्वाचं तेच हरवतं.

मालक वाईट होता का?

ब्रुकबाईंच्या आणखी एक गोष्ट लक्षात आली. हे घोडे राबवणारे लोक स्वतः अतिशय गरीब होते. घोड्याच्या पायाला जखम झाली तर डॉक्टरला द्यायला पैसा नाही. एक दिवस घोडा बांधून ठेवला तर त्या दिवशी घरात चूल पेटायची पंचाईत. एक घोडा विकत घेतला तरी त्याच्या जागी दुसरा येणार आणि त्याचीही तीच गत होणार. मग किती घोडे विकत घ्यायचे?

म्हणून १९३४ साली त्यांनी कैरोमध्ये जुन्या युद्ध-घोड्यांच्या स्मरणार्थ दवाखाना काढला. गरीब मालकांच्या काम करणाऱ्या घोड्या-गाढवांवर तिथे मोफत उपचार होऊ लागले. आज ब्रुक नावाने ओळखली जाणारी संस्था त्यातूनच वाढली आणि तिची शाखा भारतातही काम करते. वीटभट्टीवरच्या, टांग्याच्या घोड्यांच्या मालकांना एकत्र करायचं, खुराची, पाण्याची, जखमेची काळजी त्यांनाच शिकवायची, अशी त्यांची पद्धत आहे.

याच काळात युरोपातही असाच प्रश्न होता. १९११ साली एडा कोल या बाईंनी बेल्जियममध्ये, इंग्लंडमधून कत्तलीसाठी आणलेले थकलेले कामाचे घोडे बंदरावरून चालवत नेताना पाहिले. त्यांनी १९२७ साली घोड्यांच्या रक्षणासाठी संस्था काढली. पुढे १९३७ मध्ये ब्रिटनमध्ये या निर्यातीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. म्हणजे एका बाईंनी दवाखान्याची वाट धरली, दुसऱ्या बाईंनी कायद्याची. दोन्ही लागतात.

आपल्या मुंबईची व्हिक्टोरिया

आता आपल्या घराजवळ येऊ. मुंबईच्या गेटवेला, मरीन ड्राइव्हला चांदीसारखी चकाकणारी व्हिक्टोरिया ज्यांनी पाहिली आहे, त्यांना घोड्यांच्या टापांचा आवाज अजून आठवत असेल. पूर्वी ती खरोखरच प्रवासाचं साधन होती. नंतर फक्त पर्यटकांना फेरी मारायला उरली. घोडे डांबरी रस्त्यावर रात्री उशिरापर्यंत उभे, राहायला कोंदट तबेले, अशा तक्रारी होत्या. एका प्राणीप्रेमी संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली आणि जून २०१५ मध्ये न्यायालयाने मौजेखातर चालणाऱ्या या गाड्या बेकायदा ठरवल्या. वर्षभरात त्या पूर्ण बंद करा, असं सांगितलं.

पण त्याच निकालात न्यायालयाने सरकारला आणखी एक काम दिलं. या गाड्यांवर जगणाऱ्या कुटुंबांच्या पुनर्वसनाची योजना करा. त्यावेळच्या बातम्यांमध्ये सुमारे १३० गाड्या आणि ७०० कुटुंबं असा आकडा येत होता. पुढे फेरीवाल्याचा परवाना, एकरकमी मदत असे पर्याय सरकारकडून मांडले गेले. मार्च २०२१ मध्ये विजेवर चालणारी, दिसायला तशीच पण घोड्याविना धावणारी व्हिक्टोरिया मुंबईत सुरू झाली.

तारखा बघा. २०१५ चा निकाल आणि २०२१ ची विजेची गाडी. मध्ये सहा वर्षं. या सहा वर्षांत माणसाला रोज जेवावं लागतं आणि घोड्यालाही. आधी सांगितलेला ८ किलो चाऱ्याचा हिशोब मुलांना इथे पुन्हा करायला लावा. सहा वर्षांचा चारा किती? उत्तर साडेसतरा हजार किलोच्या वर जातं. बंदी चुकीची होती असं मला मुळीच म्हणायचं नाही. बंदीसोबत सोयही हवी आणि ती वेळेत हवी, एवढंच.

नवं घर देणं म्हणजे नेमकं काय?

"घोडा सोडवला" असं आपण पटकन म्हणतो. त्यानंतर काय काय करावं लागतं ते मी समजून घेतलं, तेव्हा हे काम किती मोठं आहे ते कळलं.

१. तपासणी. घोड्यांमध्ये ग्लँडर्स नावाचा गंभीर रोग असतो, तो माणसालाही होऊ शकतो. म्हणून नवीन आलेल्या घोड्याला आधी इतरांपासून वेगळं ठेवतात आणि रक्त तपासतात.

२. जपून खाऊ घालणं. उपाशी जनावर दिसलं की आपण मायेने ढीगभर धान्य पुढे ठेवू. तसं केलं तर घोडा दगावू शकतो. घोड्याला उलटी करता येत नाही, खाणं अचानक बदललं तर जीवघेणी पोटदुखी होते. म्हणून आधी थोडा थोडा चारा, दिवसातून अनेक वेळा, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू वाढ.

३. खूर, दात, जखमा. जोखडाखालचे आणि पट्ट्यांखालचे घाव भरायला आठवडे जातात. खुरांचा आकार सुधारायला महिने.

४. भीती घालवणं. वर्षानुवर्षं चाबूक खाल्लेलं जनावर हात वर केला तरी बिचकतं. त्याला रोज एकाच माणसाने खरारा करायचा, हळू बोलायचं. घोडा कळपात राहणारा प्राणी आहे, त्याला एकटं ठेवलं तर तो झुरतो. सोबतीला दुसरा घोडा नाहीतर गाढव तरी हवं.

५. घर पाहणं. आपण मुलीचं स्थळ बघायला जातो तसं. जागा किती, सावली आहे का, पाणी कुठे, रोज बघणारं माणूस कोण, चाऱ्याचा खर्च झेपेल का. ब्रिटनमध्ये एडा कोल यांच्या संस्थेची आजची पद्धत मला फार पटली. ते घोडा नव्या घरी सांभाळायला देतात, पण मालकी संस्थेकडेच राहते आणि त्यांचा माणूस अधूनमधून जाऊन पाहून येतो. त्यामुळे घोडा पुन्हा विक्रीच्या त्याच साखळीत जात नाही.

आणि जो घोडा कामाचा राहिलेला नाही, त्याला पुन्हा काम लावायचं नाही. त्याला चरू द्यायचं. हे सगळं दहा-दहा वर्षं चालतं. म्हणून नवं घर देण्याइतकंच महत्त्वाचं काम म्हणजे कामावर असलेल्या घोड्याला आत्ताच नीट ठेवणं. ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी आपल्या देशात १९६५ सालचे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही. पारा ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन काम नाही. आपल्याकडचा एप्रिल-मे आठवा, म्हणजे हा नियम किती जवळचा आहे ते कळेल.

आजोबा शाळेत आले

हे सगळं जमल्यावर मी त्या मुलीच्या आजोबांना वर्गात बोलावलं. ते येताना जुना खरारा आणि एक नाल घेऊन आले. नाल मुलांच्या हातातून हातात फिरली. घोड्याला कसं जुंपायचं, झापडं का लावायची, चंदी कधी द्यायची, सगळं त्यांनी रंगवून सांगितलं. मुलं खूश.

मग नातीनेच विचारलं, "आजोबा, राजाला कुणाला विकला?"

ते थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. म्हणाले, "रिक्षा आल्या, दिवसाला दोन फेऱ्या मिळायच्या नाहीत. तुझी आजी दवाखान्यात होती. एक व्यापारी आला, भट्टीवर नेतो म्हणाला. मी पैसे मोजून घेतले आणि घरात गेलो. तो नेताना बघितलं नाही." नंतर माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, त्यावेळी कुणी सांगितलं असतं ना, की अमक्या ठिकाणी नेऊन सोड, म्हातारपणी त्याला दोन घास मिळतील, तर मी चालत नेला असता. पण कुणी विचारलंच नाही."

वर्गात चिडीचूप झालं. मला माझं ते वाक्य आठवलं, "बिचाऱ्या घोड्यांचे हाल थांबले". टांगेवाल्याला खलनायक करून आपण घोड्याची गोष्ट सांगतो. आजोबा खलनायक नव्हते. बारा वर्षं त्यांनी राजाला सांभाळलं होतं. त्यांना मदत मिळाली असती तर राजाही वाचला असता.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

मी आता फळ्यावर दोनऐवजी तीन रकाने करते. तिसऱ्याचं नाव 'त्या जनावराचं आणि माणसाचं पुढे काय झालं?' मुलं घरी विचारून येतात. कुणाच्या पणजोबांची बैलगाडी निघते, कुणाच्या मामाचं वरातीचं घोडं. हा रकाना भरायला आठवडा लागतो आणि त्यात पुस्तकात नसलेलं बरंच काही येतं.

पालकांनो, तुम्हीही काही गोष्टी करू शकता. सहलीला गेल्यावर घोडागाडीत बसणार असाल तर आधी घोड्याकडे बघा. लंगडतोय का, पट्ट्याखाली जखम आहे का, तोंडाला फेस आहे का. असेल तर बसू नका आणि का बसत नाही ते मालकाला नीट, न रागावता सांगा. नियमाप्रमाणे गाडीत चालक आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारच माणसं बसायची. "अजून एक बसू दे की" असा आग्रह आपणच धरत असतो.

रस्त्यावर जखमी किंवा सोडून दिलेला घोडा दिसला तर १९६२ या पशुवैद्यकीय सेवेच्या टोल फ्री क्रमांकावर फोन करा, जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. त्याला पाणी ठेवा, सावलीत घ्या. पण ढीगभर धान्य घालू नका, हे आता तुम्हाला माहीत आहे. मालक सापडला तर आधी त्याची अडचण विचारा.

त्या मुलीचा मूळ प्रश्न अजून तसाच आहे. राजा कुठे गेला, हे आम्हाला कळलेलं नाही आणि बहुधा कळणारही नाही. आजोबांनी नाल परत नेली नाही. ती आमच्या वर्गाच्या कपाटात आहे. दरवर्षी वाहतुकीचा घटक आला की ती बाहेर निघेल आणि कुणीतरी विचारेल, "बाई, ही कुणाची?"